रक्तातील दाहचिन्हे आणि ल्यूपस रोग : एका विसंगतीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

दाह शरीराच्या पृष्ठभागावर असला म्हणजे तो ओळखण्यास उपकरणाची गरज पडत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने आरक्तता, सूज, उष्णता आणि वेदना ही त्याची चार लक्षणे नमूद केली. ती आजही वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतात. परंतु हाच दाह मूत्रपिंडात, हृदयाच्या आवरणात किंवा रक्तवाहिन्यांच्या भित्तींत चालू असेल, तर यांपैकी एकही लक्षण डोळ्यांस दिसत नाही. अशा वेळी वैद्यास रक्ताकडे वळावे लागते. रक्तावरून दाह अजमावण्याच्या ज्या अनेक परीक्षा विसाव्या शतकात पुढे आल्या, त्यांपैकी दोन सर्वत्र रूढ झाल्या. एक, तांबड्या पेशींचा अवसादन-वेग, म्हणजेच ई.एस.आर.; आणि दुसरी, सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाचे, म्हणजेच सी.आर.पी.चे, मापन.

बहुतेक दाहयुक्त रोगांत ही दोन्ही मापे जोडीने वाढतात व जोडीनेच उतरतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतकांवर उलटल्यामुळे होणाऱ्या आत्मप्रतिरक्षा रोगांपैकी ज्यात त्वचा आणि संयोजी ऊतक ही दोन्ही ग्रस्त होतात, त्या सार्वदेहिक ल्यूपसमध्ये मात्र त्यांची फारकत होते. रोग भरात असताना अवसादन-वेग पुष्कळ वाढलेला असतो, पण सी.आर.पी. बहुधा अल्पच राहते. वरवर पाहता ही प्रयोगशाळेतील एक किरकोळ विसंगती वाटेल. वस्तुतः तिच्याशी रुग्णाच्या जीविताचा प्रश्न निगडित आहे. ल्यूपसच्या रुग्णास ताप आला, तर तो रोग उसळल्याने आला की जंतुसंसर्गाने, हे ठरवावे लागते. पहिल्या पक्षी स्टेरॉइड औषधांची मात्रा वाढवावी लागते. दुसऱ्या पक्षी तीच वाढ प्राणघातक ठरू शकते. ही विसंगती कशी लक्षात आली, तिचा अर्थ लागण्यास इतका काळ का लागला आणि त्या शोधातून ‘दाह’ या संकल्पनेतच कोणता पालट झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. रक्तावरील साय

अवसादन-वेगाची परीक्षा विसाव्या शतकातील असली, तरी तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण फार जुने आहे. युरोपात रक्तमोक्षणाचा उपचार सार्वत्रिक होता, त्या काळी भांड्यात काढलेले रक्त गोठताना त्याच्यावर कधीकधी फिकट, पिवळसर रंगाचा थर धरतो, हे वैद्य नित्य पाहत असत. ताप व दाह असलेल्या रुग्णांत हा थर जाड असे. म्हणून त्यास लॅटिनमध्ये ‘क्रस्टा इन्फ्लॅमॅटोरिया’, म्हणजे ‘दाहाची साय’, असे नाव पडले. या सायीच्या दर्शनावरून रुग्णाचे आणखी रक्त काढावे, असाही निष्कर्ष पुष्कळ वैद्य काढीत. चिन्ह खरे होते, परंतु त्यावरून काढलेले अनुमान रुग्णास अपायकारक होते. दाहचिन्हांच्या इतिहासात हा प्रकार पुढेही निराळ्या रूपांत आढळतो.

जॉन हंटर या इंग्लंडमधील शल्यविशारदाचा रक्त, दाह व बंदुकीच्या जखमा यांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. दाह असलेल्या रक्तात तांबड्या पेशी अधिक लवकर तळाशी जातात, हे निरीक्षण त्यात आहे. पेशी लवकर खाली गेल्यामुळे वरचा भाग त्यांच्यावाचून गोठतो आणि तीच साय होय. तथापि या निरीक्षणाचे मापनात रूपांतर होण्यास आणखी शंभर वर्षे लागली. रक्त गोठू न देण्याचा उपाय हाती आल्याशिवाय हा वेग मोजणे शक्य नव्हते.

ते कार्य वॉर्सा येथील वैद्य एडमंड बिएर्नात्स्की याने केले. ऑक्झॅलेट मिसळून रक्त द्रव ठेवल्यास त्यातील पेशी ज्या वेगाने खाली बसतात तो व्यक्तिपरत्वे व रोगपरत्वे बदलतो, आणि या बदलात फायब्रिनोजेन या प्रथिनाचा महत्त्वाचा भाग आहे, असे त्याने १८९७ मध्ये पोलिश व जर्मन नियतकालिकांत प्रतिपादन केले. त्याच्या लेखांकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९१८ मध्ये रॉबिन फोरेउस या स्वीडिश संशोधकास हीच घटना गर्भवती स्त्रियांच्या रक्तात स्वतंत्रपणे आढळली. प्रारंभी तिचा उपयोग गर्भधारणेच्या निदानासाठी होईल, अशी त्याची अपेक्षा होती. परंतु अनेक रोगांतही वेग वाढतो असे दिसून आल्यावर त्याने १९२१ मध्ये या विषयावर विस्तृत प्रबंध लिहिला. गोठलेल्या रक्ताचे काचेच्या भांड्यात जे निरनिराळ्या रंगांचे थर दिसतात, त्यांतूनच प्राचीन ग्रीकांची चार शरीररसांची कल्पना उद्भवली असावी, असा लक्षवेधी तर्कही फोरेउसने मांडला. त्याच वर्षी त्याचा देशबांधव आल्फ वेस्टरग्रेन याने फुप्फुसांच्या क्षयात या परीक्षेचा उपयोग दाखविला व तिची पद्धत निश्चित केली. चार भाग रक्तात एक भाग ३·८ टक्के सोडियम सायट्रेटचे द्रावण मिसळावे, २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असलेल्या नळीत ते उभे ठेवावे आणि एका तासानंतर पेशी किती मिलिमीटर खाली गेल्या ते वाचावे, अशी ही पद्धत आहे. साधी, स्वस्त आणि फारशा साधनांवाचून करता येणारी म्हणून ती लहानमोठ्या सर्व रुग्णालयांत पोहोचली.

या परीक्षेत नेमके काय मोजले जाते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तांबड्या पेशींवर ऋण विद्युत्भार असतो व त्यामुळे त्या परस्परांपासून दूर राहतात. रक्तद्रवात फायब्रिनोजेन किंवा गॅमा ग्लोब्युलिन यांचे प्रमाण वाढले म्हणजे हे प्रतिसारण दुबळे होते. मग नाण्यांची चवड रचावी तशा पेशी एकमेकींना चिकटतात व जड होऊन त्वरेने खाली बसतात. रक्तक्षय, गर्भावस्था व वाढते वय यांमुळेही वेग वाढतो. म्हणजे अवसादन-वेग हे दाहाचे थेट माप नव्हे; रक्तद्रवातील अनेक बदलांची ती गोळाबेरीज होय. शिवाय फायब्रिनोजेन रक्तात काही दिवस व गॅमा ग्लोब्युलिन काही आठवडे टिकत असल्याने, दाह शमल्यानंतरही हे माप सावकाश उतरते.

३. न्यूमोनियाच्या रुग्णातील एक प्रथिन

दुसऱ्या परीक्षेचा उगम सर्वस्वी भिन्न आहे. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात ओस्वल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत न्यूमोकॉकस जंतूच्या घटकांचा अभ्यास चालू होता. तेथे १९३० मध्ये विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांचा रक्तरस या जंतूपासून काढलेल्या ‘सी’ नावाच्या अंशाशी मिसळला, तेव्हा साका तयार झाला. ही प्रतिपिंडाची क्रिया असती, तर रोग बरा होत असताना ती वाढावयास हवी होती. प्रत्यक्षात घडले ते उलट. साका रोगाच्या तीव्र अवस्थेत दिसे आणि रुग्ण सुधारू लागताच नाहीसा होई. शिवाय न्यूमोकॉकसशी संबंध नसलेल्या इतर तीव्र आजारांतही तो आढळू लागला.

१९४१ मध्ये एव्हरी, ॲबरनेथी व मॅक्लाउड यांनी हे द्रव्य प्रथिन असल्याचे आणि ‘सी’ अंशाशी होणाऱ्या त्याच्या संयोगास कॅल्शियम आवश्यक असल्याचे दाखविले. रोगाच्या तीव्र अवस्थेत रक्तात येणाऱ्या प्रथिनांची ‘तीव्रावस्था प्रथिने’ ही कोटी याच संशोधनातून रूढ झाली. १९४७ मध्ये मॅक्लिन मॅकार्टी यांनी सी.आर.पी.चे स्फटिक मिळविले. एव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी या तिघांनीच १९४४ मध्ये आनुवंशिक गुणांचे वाहक द्रव्य डी.एन.ए. होय, हे न्यूमोकॉकसवरील प्रयोगांनी सिद्ध केले होते. ल्यूपसच्या इतिहासात या दोन्ही द्रव्यांची पुढे एकत्र गाठ पडावयाची होती.

सी.आर.पी. यकृतात तयार होते. दाह सुरू झाल्यावर काही तासांतच ते वाढू लागते आणि सुमारे दोन दिवसांत शिखर गाठते. निरोगी माणसात ते सामान्यतः लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा कमी असते. प्रखर जंतुसंसर्गात ते काही शेकडा मिलिग्रॅमपर्यंत जाते. रक्तातील त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे असल्याने दाह ओसरताच ते झपाट्याने उतरते. १९५० मध्ये अँडरसन व मॅकार्टी यांनी तीव्र संधिज्वरात रोगाची सक्रियता अजमावण्यासाठी त्याचा उपयोग केला आणि ही परीक्षा सांध्यांच्या रोगांच्या क्षेत्रात आली. तथापि त्या काळची पद्धत म्हणजे केशनळीत धरलेल्या साक्याची उंची पाहणे ही होती. तीतून ‘आहे’ किंवा ‘नाही’, फार तर ‘थोडे’ किंवा ‘पुष्कळ’, एवढेच कळे. १९६५ मध्ये मॅन्सिनी यांच्या आणि १९६६ मध्ये लॉरेल यांच्या जेलवर आधारित पद्धती पुढे आल्यानंतर रक्तातील अशा प्रथिनांचे नेमके मापन सुकर झाले. ल्यूपसमधील विसंगती उशिरा ध्यानात येण्याचे एक कारण हे आहे.

४. त्वचेकडून रक्ताकडे

ल्यूपस या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. चेहरा कुरतडल्यासारखा करणाऱ्या अनेक त्वचारोगांस मध्ययुगापासून हे नाव दिले जाई आणि त्यांत त्वचेचा क्षयही अंतर्भूत होता. १८५१ मध्ये पॅरिस येथील काझनाव्ह याने ‘ल्यूपस एरिथेमाटोसस’ हे नाव योजून हा रोग वेगळा केला. व्हिएन्ना येथील हेब्रा याने नाक व गाल यांवरील पुरळास फुलपाखराची उपमा दिली. १८७२ मध्ये त्याच शहरातील मॉरिझ कापोशी याने केवळ त्वचेपुरता राहणारा आणि ताप, सांधेदुखी व इतर अवयवांचे विकार यांसह सर्व देहात पसरणारा असे रोगाचे दोन प्रकार दाखविले. हा भेद आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रोग त्वचेपुरता मर्यादित असतो तेव्हा त्वचेवर दाह स्पष्ट दिसत असूनही रक्तातील दाहचिन्हे पुष्कळदा स्वाभाविकच असतात.

१९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्लेम्परर, पोलॅक व बेअर यांनी ल्यूपस व त्वक्काठिण्य हे दोन्ही रोग संयोजी ऊतकांच्या व्यापक विकृतीचे आविष्कार आहेत, असे प्रतिपादन केले. त्यामुळे त्वचारोग व अंतर्गत रोग यांमधील भिंत पडली. परंतु यातील कोणतीही गोष्ट रुग्णाच्या रक्तावरून ठरविता येत नव्हती.

१९४८ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज, रिचमंड व मॉर्टन यांना ल्यूपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विलक्षण पांढरी पेशी आढळली. तिने दुसऱ्या पेशीच्या केंद्रकाचे द्रव्य गिळलेले होते. या ‘एल.ई.’ पेशीस कारणीभूत असा घटक रुग्णांच्या रक्तद्रवातच असून तो गॅमा ग्लोब्युलिनच्या अंशात आहे, असे क्लीव्हलंडचे त्वचारोगतज्ज्ञ हॅसरिक व त्यांचे सहकारी यांनी लवकरच दाखविले. त्याच १९४८ च्या सप्टेंबरात, त्याच मेयो क्लिनिकमध्ये, फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णास कॉर्टिसोनची पहिली सुई दिली. सूज व वेदना ओसरल्या आणि अवसादन-वेगही उतरला. या कार्याबद्दल हेंच, केंडल व राइकश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. निदानाचे पहिले विशिष्ट साधन आणि उपचाराचे पहिले प्रभावी साधन अशी एकाच वर्षी, एकाच संस्थेत हाती आली.

कॉर्टिसोन व त्याच्या वर्गातील औषधांनी ल्यूपसच्या पुष्कळ रुग्णांस जीवदान दिले. परंतु ही औषधे दाहाबरोबर शरीराची संसर्गप्रतिकारक शक्तीही दडपतात आणि संसर्गाची लक्षणे झाकून टाकतात. १९७६ मध्ये टोरोंटोच्या उरोविट्झ व सहकाऱ्यांनी ल्यूपसमधील मृत्यूंचे दोन कालखंड असल्याचे दाखविले. रोगाच्या आरंभीच्या वर्षांतील मृत्यूंत सक्रिय रोग व जंतुसंसर्ग ही कारणे प्रमुख होती, तर नंतरच्या मृत्यूंत हृदयाच्या रोहिणींचे काठिण्य. तापाचे कारण ओळखण्याचा प्रश्न किती निकडीचा होता, हे यावरून कळून येते.

५. विशिष्ट चिन्हांचा उदय

मध्यंतरी ल्यूपसच्या रक्तपरीक्षेने दुसरी दिशा घेतली होती. १९५७ मध्ये जॉर्ज फ्रियू यांनी प्रतिदीप्ती पद्धतीने केंद्रकविरोधी प्रतिपिंड दाखविले आणि त्याच वर्षी इटली, फ्रान्स व अमेरिका येथील निरनिराळ्या गटांनी ल्यूपसच्या रक्तरसात डी.एन.ए.विरुद्ध प्रतिपिंड असल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेतील गट हेन्री कुंकेल यांचा, म्हणजे एव्हरींच्याच रॉकफेलर संस्थेतील होता. रक्तातील पूरक प्रथिने सक्रिय ल्यूपसमध्ये घटतात, हेही १९५१ पासून ज्ञात होऊ लागले. १९६८ मध्ये शूर व सँडसन यांनी प्रतिपिंड, पूरक प्रथिने व मूत्रपिंडाचा विकार यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला. प्रतिपिंड व प्रतिजन यांची संयुगे मूत्रपिंडात साचतात, त्या क्रियेत पूरक प्रथिने खर्ची पडतात, म्हणून रक्तात ती कमी आढळतात.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ई.एस.आर. व सी.आर.पी. ही शरीरात दाह आहे एवढे सांगतात. डी.एन.ए.विरोधी प्रतिपिंड व पूरक प्रथिने ही तो कोणत्या मार्गाने चालला आहे ते सांगतात. पहिल्या गटात माप वाढणे हे अशुभ. पूरक प्रथिनांच्या बाबतीत घटणे हे अशुभ.

६. विसंगतीचा अर्थ

१९७० नंतरच्या दशकात सी.आर.पी.चे परिमाणात्मक मापन होऊ लागल्यावर सक्रिय ल्यूपसमध्ये ते अपेक्षेइतके वाढत नाही, ही गोष्ट पुढे आली. १९८० मध्ये लंडन येथील बेकर, वाल्डबर्गर, ह्यूज व पेपिस यांनी तिचा व्यावहारिक उपयोग दाखविला. ल्यूपसच्या ज्या रुग्णांत ताप केवळ रोगामुळे होता, त्यांत सी.आर.पी. अल्प होते, जंतुसंसर्ग असलेल्यांत ते ठळकपणे वाढलेले होते. म्हणजे या रुग्णांचे यकृत हे प्रथिन तयार करण्यास असमर्थ नव्हते. रोगाच्या उसळीला मात्र ते तसा प्रतिसाद देत नव्हते. अवसादन-वेगास हा भेद करता येत नाही. कारण वाढलेले गॅमा ग्लोब्युलिन आणि रक्तक्षय यांमुळे तो ल्यूपसमध्ये एरवीही चढाच असतो.

या नियमास अपवाद आहेत व ते अभ्यासकाने विसरता कामा नये. फुप्फुस किंवा हृदय यांच्या आवरणाचा दाह आणि सांध्यांचा चिवट दाह असल्यास संसर्गावाचूनही सी.आर.पी. वाढते. उलटपक्षी विषाणूंच्या संसर्गात ते फारसे वाढत नाही. म्हणून लिटरमागे ५०-६० मिलिग्रॅमपलीकडील मूल्य संसर्गाचा कसून शोध घेण्याची सूचना देते, निर्णय देत नाही. भारतासारख्या क्षयाचा प्रादुर्भाव मोठ्या प्रमाणावर असलेल्या देशात या सूचनेचे मोल विशेष आहे. आणि केवळ कमी मूल्यावर विसंबून क्षयाचा शोध सोडून देणे तितकेच धोक्याचे आहे.

कारणाचा उलगडा होण्यास आणखी काळ गेला. १९८६ मध्ये ओसाका येथे हिरानो व किशिमोतो यांच्या गटाने ज्याचे जनुक वेगळे केले, ते पुढे इंटरल्यूकिन-६ म्हणून ओळखले गेलेले द्रव्य यकृतास तीव्रावस्था प्रथिने बनविण्याचा मुख्य संदेश देते, हे लगेच स्पष्ट झाले. परंतु ल्यूपसमध्ये हा संदेश उणा असतो असे दिसले नाही. तेव्हा संदेश पोहोचूनही यकृतास कोणीतरी आवरत असले पाहिजे. १९५७ मध्ये आयझॅक्स व लिंडेनमान यांनी विषाणूंना अटकाव करणारे म्हणून शोधलेले इंटरफेरॉन ल्यूपसच्या रुग्णांच्या रक्तात असते, असे १९७९ मध्ये आढळले होते. १९९० मध्ये स्वीडनमध्ये अर्बुदावर इंटरफेरॉन-आल्फाचा उपचार घेणाऱ्या एका रुग्णास ल्यूपससारखा रोग झाल्याची नोंद झाली. २००३ मध्ये रुग्णांच्या रक्तपेशींतील जनुकांच्या अभ्यासातून इंटरफेरॉनचा ठसा स्पष्ट झाला. अखेर २००९ मध्ये स्वीडनमधीलच एनोकसन व सहकाऱ्यांनी इंटरफेरॉन-आल्फा यकृतपेशींतील सी.आर.पी.ची निर्मिती दडपते, हे प्रयोगाने दाखविले. सी.आर.पी.च्या जनुकातील भेदांचाही काही वाटा असावा. तथापि मुख्य दिशा यामुळे निश्चित झाली. विषाणुसंसर्गात आणि ल्यूपसमध्ये सी.आर.पी. अल्प का राहते, या दोन प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी एकच निघाले. इंटरफेरॉनचा ग्राही अवरुद्ध करणारे ॲनिफ्रोल्यूमॅब हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत ल्यूपससाठी मान्य झाले, तेव्हा या विचारास उपचारांच्या बाजूनेही पुष्टी मिळाली.

७. उपसंहार

संयोजी ऊतकांच्या इतर रोगांकडे पाहिल्यास हाच विचार दृढ होतो. संधिवाताभ संधिशोथात सी.आर.पी. व अवसादन-वेग रोगाशी पुष्कळसे सुसंगत राहतात. त्वचा व स्नायू यांच्या दाहात दोन्ही मापे स्वाभाविक असूनही स्नायूंतील क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम रक्तात वाढलेले असू शकते. त्वक्काठिण्यात तंतूंची वाढ हीच मुख्य विकृती असल्याने दाहचिन्हे बहुधा मूक राहतात. रोगमापनाच्या निर्देशांकांतही हा भेद उतरला आहे. संधिवाताभ संधिशोथाच्या ‘डी.ए.एस. २८’ या निर्देशांकात ई.एस.आर. किंवा सी.आर.पी. यांपैकी एक घ्यावे लागते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एस.एल.ई.डी.ए.आय.’ या ल्यूपसच्या निर्देशांकात या दोहोंपैकी एकासही स्थान नाही. तेथे पूरक प्रथिने व डी.एन.ए.विरोधी प्रतिपिंड यांची गणना होते.

उपचारांनीही चिन्हांचा अर्थ बदलतो. इंटरल्यूकिन-६ ची क्रिया रोखणारे टोसिलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णात सी.आर.पी. जवळजवळ नाहीसे होते. मग संसर्ग झाला तरी ते वाढेलच असा भरवसा राहत नाही. चिन्ह ज्या मार्गाने निर्माण होते तोच बंद केल्यावर त्याच्या अभावावरून रुग्ण सुरक्षित आहे असे अनुमान काढता येत नाही.

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, रक्तातील दाहचिन्हांपैकी मुख्य दोन चिन्हे ल्यूपससाठी शोधली गेलीच नव्हती. एक गर्भवती स्त्रिया व क्षयरोगी यांच्या रक्तातून आले, दुसरे न्यूमोनियाच्या रुग्णांतून. ती संयोजी ऊतकांच्या रोगांत आणली गेली तेव्हा दाह हा सर्वत्र एकच आहे व त्याचे माप कोठेही सारखेच लागू पडेल, असे गृहीत धरले गेले होते. ल्यूपसने हे गृहीत खोटे ठरविले. अवसादन-वेग चढा आणि सी.आर.पी. अल्प, ही जोडी प्रारंभी मापनातील दोषासारखी भासली; परंतु ती स्वतःच एक चिन्ह होती आणि इंटरफेरॉनच्या मार्गाने चालणारा दाह हा जंतुसंसर्गातील दाहापेक्षा निराळा आहे, हे ती सुचवीत होती. जुन्या वैद्यांनी रक्तावरची साय पाहून अधिक रक्त काढले, ते साय खोटी होती म्हणून नव्हे, तर ती कशामुळे धरते हे ठाऊक नव्हते म्हणून. ज्वरग्रस्त ल्यूपस-रुग्णाच्या बाबतीत आकडा हाती येताच औषधाची मात्रा वाढविणाऱ्या वैद्याकडूनही तीच चूक संभवते. यास्तव आकड्याबरोबर तो कोणत्या क्रियेतून निर्माण झाला, त्या क्रियेस रोगाने किंवा औषधाने कोठे अडविले आहे काय आणि दुसरे चिन्ह त्याच्याशी जुळते काय, या तीन गोष्टी तपासल्यावाचून उपचाराची दिशा ठरविणे शास्त्रीय म्हणता येणार नाही.